डिअर, जरा निवडून दे

ट्रेमध्ये शेंगदाणे होते. मी त्यातले शंभर ग्रॅम वेगळे काढून एकेक दाणा मोजला. दोनशे सात भरले. अखंड एकशे एक्क्याण्णव, पाकळ्या सुटलेले सोळा. सुरकुतलेला एकही नाही, काळपट एकही नाही, किडीचं भोक असलेला एकही नाही. ट्रेच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी शंभर ग्रॅम घेतले. दोनशे अकरा. तिथेही खराब दाणा शून्य.

गोदामातून पोत्यात भरून आलेल्या मालात असं होत नाही. याच मालाचा पहिला भाग मी आठवड्यापूर्वी दळला होता. दळायच्या आधी सवयीने शंभर ग्रॅम मोजले होते, तेव्हा सात दाणे सुरकुतलेले आणि दोन काळे निघाले होते. हा त्याच पोत्यांतून, त्याच दिवशी काढलेला राखीव भाग. एका पोत्यातली भावंडं इतकी वेगळी निघत नाहीत.

पावणे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत खाण्याच्या वस्तू तपासल्या जातात. शेंगदाण्यात आम्ही अफ्लाटॉक्सिन शोधतो. ते बुरशीचं विष. ते मालात मिठासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. मूठभर खराब दाण्यांत जवळजवळ सगळं असतं, आणि बाकीचं पोतं निर्दोष. म्हणून नमुन्याला हात लावायचा नसतो. तो जसा आला तसा, खड्यासकट, कचऱ्यासकट, अख्खा दळायचा. पहिल्या भागात मला किलोमागे २८.६ मायक्रोग्रॅम मिळालं होतं. या मालाला पंधरापर्यंत चालतं. जयप्रकाश सर, आमचे लॅब हेड, म्हणाले होते की राखीव भाग लावून बघ, पहिल्यात तुझी काहीतरी चूक झाली असणार.

इंटरकॉम वाजला.

"डिअर, झालं का गं? पार्टीचे फोन येतायत."

"सर, नमुना मोजतेय."

"मोजायचं काय त्यात? लग्नाच्या पंगती आहेत का? दळ आणि लाव मशीनला. गुड गर्ल."

फोन ठेवला आणि मी ट्रे झाकून ठेवला.

'डिअर' या शब्दाबद्दल मला आधीपासून कुतूहल होतं. शाळेत तो कागदावर भेटला. रजेचा अर्ज 'डिअर सर'ने सुरू व्हायचा, आणि ज्या सरांना तो जायचा ते वर्गात कुणालाही प्रिय नव्हते. बँकेचा मेसेज 'डिअर कस्टमर' म्हणून येतो आणि पुढे दंड झाल्याचं सांगतो. कॉलेजात वाढदिवसाला शुभेच्छा देणाऱ्या सगळ्या मुलींना 'थँक्स डिअर' असं एकच उत्तर जायचं, कारण प्रत्येकीला वेगळं काही सुचत नसे. म्हणजे शब्द प्रेमाचा, पण प्रेम असावंच लागतं अशी त्याची अट नाही. इथपर्यंत मला काही अडचण नव्हती. इंग्रजांचा शब्द, इंग्रजांची रीत.

इथे नोकरीला लागल्यावर मात्र कुणीतरी तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून, तोंडाने म्हणालं. पहिल्या आठवड्यात मी सरांना सांगितलं, "सर, माझं नाव रुतिका." ते छान हसले. "ओके, रुतिका डिअर." दुसऱ्या दिवशी रुतिका गेली, डिअर राहिलं.

मग मी तो शब्द कुठे पडतो हे बघू लागले. प्रयोगात तुलनेसाठी जसं कंट्रोल ठेवतात तसं. माझ्या शेजारच्या टेबलावर कल्पेश बसतो, माझ्याच बॅचचा. त्याला सर 'बॉस' म्हणतात. निर्यातदार कंपनीच्या बाई आल्या की 'मॅडम, प्लीज, या खुर्चीत.' सरांच्या वरचे साहेब फोनवर असले की नुसतं 'यस सर, यस सर.' डिअर फक्त खालच्या बाजूला जायचं, आणि त्यातही फक्त बायकांकडे. त्याच्या पाठोपाठ नेहमी एखादं काम यायचं, आणि ते कुणाच्या नोकरीच्या कामांत बसणारं नसायचं.

सुमेधा मॅडम आमच्या क्वालिटी मॅनेजर. त्यांच्याकडे मी हे बोलले होते.

"अगं, तोंडात बसलाय त्याच्या. मनावर नको घेऊस. मलाही म्हणायचा."

"आता?"

"आता मॅडम म्हणतो."

"कधीपासून?"

"मॅनेजर झाले तेव्हा..." त्या कपात साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला प्रत्येक गोष्टीचा ग्राफ काढायचा असतो का गं?"

घरी आईला सांगितलं तेव्हा तर आणखीच मजा. आम्ही बोनकोड्याचे, गावठाणातले. आई, जमुना भोईर, कोळंबी सोलत बसली होती.

"डिअर म्हंजे काय गो?"

"लाडकी."

"लाडकी म्हनून काम सांगतो? मंग तो तुजा मामा हाय का?"

"तसं नाही गं."

"मंग कसा हाय? मामा नाय, काका नाय, आनि लाडकी? त्याला सांग, माज्या आईनं नाव ठेवलाय, बारशाला सगला गाव जेवलाय."

आमच्याकडे मुलीला 'बाय' म्हणतात. लाडाने म्हणतात आणि झापतानाही म्हणतात: 'लय शानी झालीस गो बाय.' तेव्हा एकट्या शब्दाला दोष देता येत नाही. पण मला बाय म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव माहीत असतं. बहुतेकांना माझ्या आजीचंही.

तर ट्रे झाकून मी सॅम्पल रूममध्ये गेले. तिथे मीनाताई असतात. नमुने उतरवून घेणं, नंबर चिकटवणं, कपाटात लावणं आणि भांडी धुणं हे त्यांचं काम. राहायला कामोठ्यात, मूळ गाव साताऱ्याकडे. माझं आणि त्यांचं पटत नव्हतं, आणि त्याचं कारणही हाच शब्द. मी सरांना नाव सांगितलं ते त्यांना कळलं होतं. तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "माणूस गोड बोलतो तर हिच्या पोटात दुखतंय. माझ्या घरी मला एवढ्या वर्षांत 'अगं ए' सोडून हाक नाही मारली कुणी." त्या दिवसापासून सरांचा चहा, सरांच्या टेबलावरची झाडाची कुंडी, सरांच्या गाडीतले डबे, सगळं त्या आपण होऊन करायच्या.

"मीनाताई, शेंगदाण्याचा राखीव भाग कुणी उघडला?"

"मी. का? खडा राहिला का एखादा?"

"म्हणजे तुम्ही निवडला?"

"मग काय तसाच देऊ? काय ते दाणे! आमच्याकडं असले शेरडासमोरही टाकत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बसले ताट घेऊन. डबा सुद्धा नंतर खाल्ला." त्यांचा चेहरा खुलला होता. शाबासकीची वाट बघत होत्या.

"अहो, हा नमुना आहे, चिवडा नाही! निवडायचा नसतो तो. सगळं वाया घालवलंत."

चेहरा लगेच मिटला. "आवाज खाली. मी तुझ्या आईच्या वयाची आहे."

"पण सांगितलं कुणी तुम्हाला?"

"सरांनी. इथं आले होते स्वतः. म्हणाले, डिअर, जरा निवडून दे, मशीनमध्ये कचरा नको जायला. मशीन केवढ्याचं आहे माहिती आहे ना?"

"आणि तुम्ही ऐकलंत."

"तू ऐकत नाहीस म्हणून तर मला सांगितलं असेल."

"काढलेले दाणे कुठेत?"

"टाकले." त्या बरणीला लेबल लावू लागल्या. लेबल तिरकं बसलं. ते काढून त्यांनी पुन्हा लावलं, तेही तिरकंच बसलं. "जा आता. आणि पुन्हा माझ्याशी असं बोलायचं नाही."

मी ट्रेमधला सगळा दाणा तराजूवर घातला. पिशवी बंद केली तेव्हा बरोबर दोन किलो होता, ते वजन मीच केलं होतं. आता एक किलो नऊशे चौतीस ग्रॅम. ओलावाही तपासला. मग सरांच्या केबिनमध्ये गेले. सुमेधा मॅडम तिथेच होत्या.

"सर, हा नमुना मी लावू शकत नाही. सहासष्ट ग्रॅम कमी आहे."

"ओलावा उडतो, डिअर."

"एसीत, बंद पिशवीत, आठवड्यात तीन टक्के नाही उडत. मी मोजला. पहिल्या भागाइतकाच आहे."

"बघा मॅडम," सर सुमेधा मॅडमकडे वळले, "आजकालची मुलं. रिपोर्ट मागितला की थिसिस आणतात." मग माझ्याकडे, अगदी मऊ आवाजात, "लिसन, डिअर. पहिल्यात तुझी गडबड झाली, होतं असं, तू नवीन आहेस. मी कुणाला काही बोललो का? दुसरा चांगला येईल, तू सही कर, विषय संपला. मी तुला वाचवतोय."

"दुसरा चांगला येणारच, सर. तो निवडलाय."

सुमेधा मॅडमनी मान वर केली. "निवडलाय? कुणी?"

नाव घेतलं की काय होणार ते दिसत होतं. पण न घेता वाक्य पुरं होत नव्हतं. "मीनाताईंनी. सरांच्या सांगण्यावरून."

मीनाताईंना बोलावणं गेलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"मीनाबाई," सर म्हणाले, "राखीव नमुन्याला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई आणि तुम्ही ऐकून मीनाताई जरा गोंधळल्या. मागे कुणी दुसरं उभं आहे का असं बघितलं त्यांनी. "सर, तुम्हीच..."

"मी? मी म्हणालो असेन नमुने नीट ठेवा. निवडा म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात ना, सर. डिअर, जरा..." पुढचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. एवढा वेळ सॅम्पल रूममध्ये जपून ठेवलेला शब्द केबिनच्या पांढऱ्या लाइटमध्ये चौघांमध्ये पडला होता.

सर मोठ्याने हसले. "डिअर? मी तुम्हाला? अहो मीनाबाई, वय काय तुमचं?"

सुमेधा मॅडम टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.

"आणि ते दाणे गेले कुठे?" सर म्हणाले. "सहासष्ट ग्रॅम कमी आहेत म्हणे. नेले असतील घरी, चटणीला. मॅडम, यांच्या कंत्राटदाराला कळवा. उद्यापासून दुसरी बाई पाठव म्हणावं. असली चोरटी माणसं नकोत सॅम्पल रूममध्ये."

"सर, मी चोर नाही."

"जा तुम्ही."

त्या गेल्या. सरांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मिस भोईर." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझं आडनाव त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि ते त्यांना नीट येत होतं. "तुमचं कन्फर्मेशन माझ्या सहीने होतं, याची कल्पना असेल तुम्हाला. संध्याकाळपर्यंत राखीव नमुन्याचा रिपोर्ट हवा. तुमच्या सहीचा."

टेबलाशी परत आले तेव्हा कल्पेश कुजबुजला, "काय झालं? बॉम्ब फुटला?"

"तू तुझं बघ."

"टेन्शन नको घेऊस. लाव आणि दे. सगळे देतात."

"तुला कधी सांगितलंय निवडायला?"

"मला?" त्याने खरंच विचार केला. "नाही. मला कशाला सांगतील?"

थोड्या वेळाने माझ्या टेबलावर स्टीलचा छोटा डबा आदळला. मीनाताई. डोळे लाल, पण आवाज कोरडा.

"हे घे."

झाकण उघडलं. सुरकुतलेले, काळे, हिरवट बुरशी धरलेले दाणे.

"टाकले म्हणाला होतात."

"खोटं बोलले. तू अंगावर आलीस म्हणून. निवडलेलं कुणी कचऱ्यात टाकतं का? आमच्या खिडकीवर साळुंक्या येतात, त्यांना घालणार होते. उद्या सुट्टी म्हणून आज नेणार होते."

"घालू नका. मरतील."

त्या डब्याकडे बघत राहिल्या. एक पाऊल मागे सरकल्या. "एवढं वाईट आहे?"

"तेच मोजायचंय."

"मोज. पण एक ध्यानात ठेव, तुझ्यासाठी नाही आणलं. तुझं तोंड मला आवडत नाही, आजही नाही आवडत. मी चोर नाही, तेवढं लिही. आणि कुणी निवडायला सांगितलं ते लिही. तो हसला तसं नाही. सांगितलं तसं."

"तुमचं नावही लिहावं लागेल."

"लिही की. मीना लिहू नकोस नुसतं. पूर्ण लिही."

मी सुमेधा मॅडमना बोलावलं. त्या आल्या, डबा बघितला, आणि हळू आवाजात माझ्यावरच चिडल्या. "तुला कळतंय का तू काय करतेयस? नियमाने हा नमुना आता बाद आहे. हात लागलाय त्याला. काहीही आकडा आला तरी उपयोग नाही."

"मग बाद असंच लिहिते. पण का बाद, त्यालाही आकडा लागतो. निवडलेले वेगळे लावते, डब्यातले वेगळे. तुम्ही फक्त वजनाला उभ्या राहा."

"मला यात ओढू नकोस, रुतिका."

"मॅडम, त्यांनी निवडायला मला सांगितलं असतं तर? किंवा दहा वर्षांपूर्वी तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं आता कानाखाली बसणार. मग चष्मा लावून तराजूपाशी उभ्या राहिल्या. "वजन बघेन. बाकी मला काही माहीत नाही."

डब्यातले दाणे चौसष्ट पूर्णांक दोन ग्रॅम भरले. ट्रेमधले एक हजार नऊशे चौतीस. एक पूर्णांक आठ ग्रॅम अजून कमी होतं.

"ते कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं, मीनाताईंकडे न बघता.

"फोलपटं असतील," मीनाताई म्हणाल्या. "ताट फुंकलं मी. निवडताना फुंकतातच. तुम्ही नाही फुंकत?"

मॅडमनी वजनाच्या कागदावर सही केली आणि केबिनकडे न जाता जिन्याकडे गेल्या.

आधी ट्रेमधले दाणे दळले. यंत्र धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग डब्यातले दळले. दोन्ही पिठांचा अर्क काढला, गाळला, शुद्ध करायच्या कॉलममधून सोडला. डब्यातल्यांचा अर्क पहिल्यांदा मशीनला लावला तेव्हा रेघ स्क्रीनच्या बाहेर गेली, म्हणून तो पन्नास पटींनी पातळ करून पुन्हा लावावा लागला. तेवढा वेळ मीनाताई दाराबाहेरच्या स्टुलावर बसून होत्या. एकदा सर तिथून गेले. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग डब्याकडे.

"हे कुठून आलं?"

"नमुन्यातून, सर."

"मिस भोईर, हा रिपोर्ट बाहेर गेला तर तुम्ही इथे राहत नाही."

"हो, सर."

ते आणखी काहीतरी म्हणणार होते, पण फोन वाजला. "यस सर," म्हणत ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. राखीव नमुना दळण्यापूर्वी मीना हणमंत शेडगे यांनी, लॅब हेड यांच्या तोंडी सूचनेवरून, हाताने निवडला. वेगळे काढलेले दाणे त्यांनी स्वतः परत आणून दिले. वजन क्वालिटी मॅनेजरसमोर झालं. त्यामुळे हा नमुना नियमानुसार बाद. खाली सही केली आणि सहीखाली नाव लिहिलं, रुतिका धर्मा भोईर. त्याची एक प्रत क्वालिटीला, एक वरच्या साहेबांना आणि एक माल पाठवणाऱ्या कंपनीच्या बाईंना पाठवली. निकालाच्या रकान्यात, पहिल्या भागाच्या २८.६ च्या खाली, तीन ओळी होत्या.

निवडलेले दाणे, १९३४.० ग्रॅम: किलोमागे १.९ मायक्रोग्रॅम.

डब्यातले दाणे, ६४.२ ग्रॅम: किलोमागे ९१८ मायक्रोग्रॅम.

दोन्ही मिळून, वजनाच्या प्रमाणात: किलोमागे ३१.३ मायक्रोग्रॅम.